पाच वर्षांचा जावई

"बाबा, आपल्याकडे काही आहे का हो?" जिलने फोनवर विचारलं, आणि नॉर्मन शेरॅट म्हणाला, "काही नाही." इतक्या पटकन म्हणाला की त्याचा तोच दचकला. जिलला तिसरा महिना लागला होता. दवाखान्यातल्या नर्सने तिला एक कागद भरायला दिला होता. त्यावर आईकडची आणि बापाकडची दुखणी लिहायची होती. साखर, हृदय, फेफरं, आणि सगळ्यात खाली एक मोकळी ओळ, इतर काही असल्यास. आईकडचं तिला ठाऊक होतं. बापाकडचं विचारायला तिने फोन केला होता, तोही कांदा चिरता चिरता, सुरीचा आवाज मधूनमधून ऐकू येत होता. "नक्की ना? नर्स म्हणाली, घरच्या मोठ्यांना नीट विचारून लिहा." "अगं, नाही म्हटलं ना. आमच्याकडची माणसं दुखण्याने मरायला थांबलीच कुठे?" जिल हसली. त्यानेही हसून घेतलं. फोन ठेवल्यावर तो स्वयंपाकघरात तसाच उभा राहिला. खोटं बोलायला माणसाला थोडा तरी वेळ लागत असेल, अशी त्याची आजवर समजूत होती. घसा खाकरावा लागत असेल, इकडेतिकडे बघावं लागत असेल. हे तर उंबऱ्याशी बूट घालून तयारच बसलं होतं. पंचावन्न वर्षांचा माणूस, बायको जीन गेल्यापासून घरात एकटा, एकुलती एक मुलगी, आणि तिने जन्मात पहिल्यांदा काही धड विचारलं तर ही गत.

नॉर्मनचा धंदा हाताचा होता. चहाच्या कपाच्या काठावर सोन्याची रेघ ओढायची. इंग्लंडातल्या लाँग्टन गावात भांड्यांचे कारखाने धूर ओकत होते तेव्हा पोरसवदा वयात तो त्या कामाला लागला आणि कारखान्याला टाळं लागेपर्यंत त्याने दुसरं काही केलं नाही. लोकांना वाटतं रेघ हाताने ओढतात. तसं मुळीच नसतं. कप फिरत्या चाकावर अगदी मधोमध बसवायचा, डाव्या हाताने चाक फिरवायचं, आणि उजव्या हातातला कुंचला काठाला टेकवून नुसतं थांबायचं. रेघ चाक ओढतं. उजव्या हाताने फक्त हलायचं नाही, एवढंच त्याचं काम, आणि त्याचाच पगार मिळतो. रेघ जिथून निघाली तिथेच परत येऊन मिळाली पाहिजे, सांधा दिसता कामा नये. नॉर्मनच्या रेघेचा सांधा कारखान्याच्या साहेबालाही भिंग लावून सापडत नसे. गेल्या दीड महिन्यात त्याने माळ्यावरून ते जुनं चाक खाली काढलं होतं. रोज सकाळी चहाच्या आधी एका जुनाट कपावर साध्या काळ्या रंगाची रेघ ओढायची, सांधा बघायचा, फडक्याने पुसून टाकायची, मग चहा. सांधा जुळला की दिवस सुरू. हे तो कशासाठी करतो, असं त्याला कुणी विचारलं असतं तर तो म्हणाला असता, हाताची सवय मोडू नये म्हणून. दुसरं खोटं. पण ते कुणी विचारलं नाही.

दीड महिन्यापूर्वी ऑड्री टॅम्सने त्याला चहाच्या भांड्यापाशी गाठलं होतं. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी मेथडिस्ट चर्चच्या हॉलमध्ये आठदहा म्हातारी माणसं जमत, आपापले पूर्वज पिशव्यांत घालून आणत आणि एकमेकांना दाखवत. कुणाचा खापरपणजा खाणीत, कुणाची पणजी मुलं सांभाळायला ठेवलेली. लाँग्टन-फेंटन सोडून कुणाचा पूर्वज दहा मैलांपलीकडे गेलेला नसायचा, आणि गेला असलाच तर तुरुंगात. नॉर्मनला तिथे बरं वाटायचं. मेलेल्या माणसांची एक चांगली गोष्ट असते, त्यांना आपल्याकडून काही नको असतं. ऑड्री उंच, हाडापेराने दणकट, बोलायला सरळसोट बाई. "नॉर्मन," ती म्हणाली, "तुझा तो पणजोबा, इनॉक शेरॅट, तो आमच्या जोब टॅम्सच्या घरात वाढला ना?" "वाढला असेल. का गं?" "मग तुला एक सांगायला हवं, राजा. बस जरा." तो बसला नाही, हे त्याला पक्कं आठवतं. उभ्या उभ्याच त्याने ऐकलं. ऑड्रीचा भाऊ लेस्टर बऱ्याच वर्षांपासून आजारी होता आणि आता दुखण्याला नाव मिळालं होतं, हंटिंग्टन. हातपाय आपल्या मनाने हलायला लागतात, मग बोलणं जातं, मग डोकं. तिशी ते पन्नाशीत सुरू होतं. आईबापांपैकी एकाला असलं तर पोरांपैकी निम्म्यांना. "डॉक्टर म्हणाले, त्या रक्ताच्या सगळ्यांना कळवा. तेव्हापासून मी आपली दारोदार फिरतेय, जनगणनेच्या कारकुनासारखी. कुणी चहा देतं, कुणी दार लावून घेतं." ते आलं कुठून, हेही तिने शोधून काढलं होतं. जोब टॅम्स, तिचा खापरपणजोबा. भट्टीत भांडी लावायचा. कच्च्या भांड्यांनी भरलेली मातीची जड पेटी डोक्यावर घेऊन शिडीवरून भट्टीच्या तोंडापर्यंत चढायचं आणि एकावर एक रचायची. पस्तिशीनंतर त्याच्या डोक्यावर पेटी ठरेना. गल्लीतली पोरं त्याला नाचरा जोब म्हणायची. हे ऑड्रीच्या आजीने तिला हसत हसत सांगितलं होतं, कुळातली एक गंमत म्हणून. शेवटी जोब वेड्यांच्या इस्पितळात गेला. अठराशे एकाहत्तरच्या जनगणनेत त्या इस्पितळातल्या माणसांची नावंसुद्धा लिहिलेली नाहीत, घराण्याची अब्रू राहावी म्हणून नुसती अक्षरं. जे. टी., रोगी, विवाहित, वय चव्वेचाळीस.

रक्ताची तपासणी होती. सुई टोचायची, थोडे आठवडे थांबायचं, उत्तर मिळायचं. ऑड्रीने स्वतःची करून घेतली होती आणि ती सुटली होती, आणि सुटल्याबद्दल तिला भावासमोर बसायची लाज वाटायची. नॉर्मनला ती तपासणी नको होती. रक्त एकदा बोललं की संपलं, त्याच्याशी वाद घालता येत नाही. कागदाचं तसं नसतं. कागदावर कारकून चुकतो, पाद्री बहिरा असतो, बाईमाणूस दारात उभं राहून वय चोरतं. कागदाला चार प्रश्न विचारता येतात, उलटसुलट तपासता येतं. त्याला एवढंच हवं होतं, की इनॉक जोबच्या घरात वाढला असेल, पण जोबचा नसेल. आडनाव वेगळं होतंच की. ते का वेगळं होतं, हे त्याने पंधरा वर्षांत कधी खणून पाहिलं नव्हतं, कारण अठराशे एकसष्टची नोंद सापडतच नव्हती. आणि आता जिलने विचारलं होतं. पुढच्या शुक्रवारी तिला तो कागद भरून द्यायचा होता, म्हणजे त्याच्या आत ते 'काही नाही' खरं करून दाखवायला हवं होतं. निदान त्याच्यापुरतं तरी तो असाच हिशेब मांडत होता. आधी बोलून बसलोय, आता पुरावा आणू.

हॅन्लीच्या ग्रंथालयात दफ्तराच्या खोलीत शाझिया हुसेन नावाची बाई होती, चाळिशीची, हसरी. तिच्या आजोबांनी इथल्याच एका भट्टीवर आयुष्य काढलं होतं. तिने नॉर्मनला अठराशे एकसष्टच्या जनगणनेच्या फिल्मचं रीळ काढून दिलं. "नावाच्या सूचीत नका शोधू, काका," ती म्हणाली. "सूची करणाऱ्यांनी टॅम्सचं जॅम्स केलेलं असतं. गल्लीगल्लीतून चालत जा." आणि खरोखर तो चालत गेला. यंत्राची मूठ फिरवत एकेका घरासमोरून. पडद्यावर कारकुनाचं तिरकं अक्षर सरकत होतं, घर, माणूस, नातं, वय, धंदा. सहा पोरं, आठ पोरं, विधवा, भाडेकरू, आठ वर्षांचा मुलगा, कारखान्यात भांड्यांचे साचे धावत नेऊन देणारा. त्याला वाटलं, आपण या गल्लीत खरंच आलो असतो तर सगळ्यांनी दारात उभं राहून विचारलं असतं, कुणाकडे आलात? आणि आपण काय सांगितलं असतं? नाचऱ्या जोबकडे? मग ते घर आलं. जॅम्सच होतं. जोब, कुटुंबप्रमुख, चौतीस, भट्टी लावणारा. हॅना, बायको, सत्तावीस. जॉर्ज, मुलगा, दीड. आणि त्यांच्या मध्ये, इनॉक शेरॅट, जावई, वय पाच.

"पाच वर्षांचा जावई?" मागून शाझियाने वाचलं आणि ती खुदकन हसली. "हुंड्यात काय दिलं असेल, गोट्या?" पलीकडच्या यंत्रावरच्या म्हाताऱ्यानेही मान वळवून पाहिलं. नॉर्मन हसला नाही. त्याला आतून असं काही सुटल्यासारखं झालं की त्याने टेबलाची कड धरली. त्या काळी इकडे सावत्र मुलालाही जावईच म्हणत, हे त्याला पाठ होतं, दर नव्या सभासदाला तो स्वतःच ही गंमत सांगायचा. इंग्रजीत शब्दच ‘सन-इन-लॉ’, लग्नामुळे कायद्याने जोडला गेला तो जावई, मग तो मुलीचा नवरा असो नाहीतर बायकोचं आधीचं पोर. म्हणजे इनॉक हॅनाचा होता. जोबचा नव्हता. जोबने स्वतः दारात उभं राहून कारकुनाला सांगितलं होतं, हा माझा नव्हे. नॉर्मनचा जीव भांड्यात पडला. त्याने त्या ओळीची प्रत काढून घेतली, एक नाही, दोन. खाली उतरून बाजारातून त्याने ओटकेक, म्हणजे ओटच्या पिठाची धिरडी, घेतली, चीज घेतलं, घरी येऊन तव्यावर चीज वितळवून उभ्यानेच चार खाल्ली. जिलला फोन करावा असं वाटलं. पण करून सांगणार काय? मी खोटं बोललो नव्हतो, असं? तिला कुठे ठाऊक होतं की तो बोलला होता.

ते सुख त्या संध्याकाळपुरतं टिकलं. टीव्हीसमोर पाय लांब करून बसला असताना त्याची नजर आपल्याच मोज्यांकडे गेली. उजव्या पायाची बोटं मोज्याच्या आत हलत होती. तो हलवत होता की ती हलत होती? त्याने थांबवली. थांबली. म्हणजे आपणच हलवत होतो. मग थोड्या वेळाने पुन्हा बघितलं तर पुन्हा हलत होती. माणूस दिवसभरात आपल्या पायाच्या बोटांकडे किती वेळा बघतो? सगळ्यांचीच हलत असतील. जीन असती तर तिला विचारलं असतं, मी आधीपासूनच असा होतो का गं? तिने सांगितलं असतं, तू आधीपासूनच वेडा आहेस. असली वाक्यं आता कोण म्हणणार. आणि त्या बोटांवरून, ओढल्यासारखा, त्याला बापाचा गुडघा आठवला. त्याचा बाप विल्फ खाणीत छत कोसळून गेला तेव्हा नॉर्मन चार वर्षांचा होता, आणि बापाची म्हणून त्याच्याकडे एकच गोष्ट होती. शेगडीसमोर बाप बसलाय, नॉर्मन त्याच्या गुडघ्यावर, आणि तो गुडघा घोड्यासारखा वरखाली उडतोय, वेगात, न थांबता, नॉर्मन खिदळतोय आणि आई म्हणतेय, पुरे रे विल्फ, ओकेल तो. बाप काही पुरे करत नाही. आयुष्यभर ही आठवण त्याने जपून वापरली होती. जिल लहान असताना तिलाही त्याने तसंच गुडघ्यावर नाचवलं होतं. आता त्याला प्रश्न पडला की बाप थांबत का नव्हता. आई थांब म्हणत होती. बत्तीस वर्षांचा होता तो. त्या गुडघ्यावर बसलेल्या पोराला काय कळणार, घोडा कोण पळवतंय.

आणि मग बापाचा बाप. हॅरल्ड शेरॅट कालव्यात पडून बुडाला, चौतिसाव्या वर्षी, संध्याकाळी कामावरून येताना. चौकशीत दोन साक्षीदारांनी सांगितलं की तो झुलत चालत होता, प्यायलेला होता. आजी मरेपर्यंत म्हणत राहिली, माझ्या माणसाने थेंबाला हात लावला नाही, त्याने चर्चमध्ये शपथ घेतली होती. सुनांनी, शेजाऱ्यांनी, नॉर्मननेसुद्धा मान डोलवून डोळे मिचकावले होते. बिचारी, नवऱ्याची बाजू घेते. रविवारच्या जेवणाला कुणीतरी मुद्दाम विषय काढायचं आणि ती ताट सारून उठायची. आता अंथरुणात पडल्या पडल्या नॉर्मनला कळत होतं की आजी खरं बोलत असण्याची शक्यता आहे, आणि आपल्याला ती नकोय. देवा, आजोबा दारुडा असू दे. चांगला पक्का, बायकोला फसवणारा, शपथ मोडणारा दारुडा असू दे. असलं मागणं मागणारा नातू त्या चर्चच्या इतिहासात दुसरा झाला नसेल. इनॉकही शिडीवरून पडूनच गेला होता, डोक्यावर भरली पेटी घेऊन, एकोणचाळिसाव्या वर्षी. कालपर्यंत हे तिघं नॉर्मनसाठी तीन अपघात होते. कष्टकऱ्यांच्या घरात अपघात असायचेच. खाणीतल्या छताचं सोडा, पण एक शिडी, एक कालवा. त्याला वाटलं, ही माणसं मेली नाहीत, पडली.

ऑड्रीकडे जायचं तो टाळत होता, पण तो कागद तिला दाखवल्याशिवाय त्याचं वजन पडणार नव्हतं. तिने दार उघडलं आणि आत लेस्टर होता. खास बनवलेल्या रुंद खुर्चीत, बाजूंना उशा. एकेकाळी हा माणूस हॅन्ली-लाँग्टन बस चालवायचा, नॉर्मन त्याच्याच बसने कामावर जायचा. आता त्याचे खांदे, हात, मान, सगळं सावकाश, लाट आल्यासारखं हलत होतं, कुठेच मुक्काम नाही. तोंडाने तो काहीतरी म्हणाला. "तो म्हणतोय, तिकीट काढलंस का," ऑड्री म्हणाली. लेस्टर हसत होता. नॉर्मनही हसला आणि त्याला रडू येईल की काय अशी भीती वाटली. त्याने खिशातून प्रत काढून टेबलावर ठेवली. "जावई," तो म्हणाला. "सावत्र आहे, ऑड्री. इनॉक तुमच्या रक्ताचा नव्हे." हे लेस्टरसमोर म्हणायला नको होतं, हे म्हणून झाल्यावर त्याला समजलं. तुमच्या रक्ताचा. ऑड्रीने चष्मा लावून ओळ दोनदा वाचली. "लग्नाआधीचं पोर होतं," ती म्हणाली. "लग्नाआधीचं पोर तेव्हा कायद्याने बापाचं नसायचंच. मग बाप खरा असला तरी काय? कारकून जावईच लिहिणार." "किंवा बाप दुसरा कुणी." "किंवा दुसरा कुणी," तिने मान्य केलं. "पण नॉर्मन, त्याच्या दहा वर्षं आधीची जनगणना माझ्याकडे आहे. हॅना सतरा वर्षांची, बापाच्या घरी. आणि त्या घरात एक भाडेकरू आहे." "असेल. सगळ्यांकडे भाडेकरू असायचे." "जोब टॅम्स नावाचा." लेस्टर परत काहीतरी म्हणाला. या वेळी ऑड्रीने त्याचा अर्थ सांगितला नाही. तिने नॉर्मनला दारापर्यंत पोचवलं. "जिलला सांगितलंस?" "अजून नक्की काही नाही, तर सांगू काय?" "नक्की तर कधीच काही नसतं. मी सत्तर दारं वाजवली, एकालाही नक्की म्हणून सांगितलं नाही. ज्याचं त्याला ठरवू द्यावं, एवढंच." "तिला तिसरा महिना आहे, ऑड्री." "म्हणूनच म्हणतेय," ती म्हणाली, आणि ती रागावलेली होती.

तो रागाने बसथांब्यापर्यंत चालत गेला. हिला काय जातंय? ही सुटली. पाण्याबाहेर उभं राहून बुडणाऱ्याला पोहायला शिकवायला काय लागतं. वाटेत त्याच्या लक्षात आलं की आपण पाय कसे टाकतोय ते बघत चाललोय, आणि बघत चाललं की कुणाचीही चाल वाकडी होते. फरशीच्या रेघेवर पाऊल ठेवून पाहिलं. समोरून येणाऱ्या बाईने त्याला वळसा घातला. तिला वाटलं असेल, प्यायलाय.

शुक्रवारी सकाळी त्याने चाकावर कप ठेवला आणि रेघ ओढली. सांधा जुळला नाही. केसाएवढा फरक, कुणाला दिसलाही नसता, चहा पिणाऱ्याला तर जन्मात नाही. त्याने पुसून पुन्हा ओढली. या वेळी जुळला. मग त्याला प्रश्न पडला की यातली खरी कोणती. तिसरी ओढायचा धीर झाला नाही. थंडी होती, खिडकी उघडी होती, कुंचला जुना होता. कारणं भराभर सुचत गेली. तेवढ्यात शाझियाचा फोन आला. इनॉकचा जन्म सरकारदरबारी नोंदवलेलाच नव्हता, तेव्हा बऱ्याच आया नोंदवायच्या नाहीत. लाँग्टनच्या चर्चांतही त्याचा बाप्तिस्मा नव्हता. पण नॉर्मनच्या सांगण्यावरून तिने हॅनाच्या आजोळचं, चेडलकडच्या डोंगरातलं गाव धरलं होतं आणि त्या चर्चच्या वहीची फिल्म कालच आली होती. "मी बघितलं नाही हं, काका. तुमचा मान तुम्ही घ्या." जिल त्याला दुपारी तिथूनच उचलणार होती, बाहेर कुठेतरी जेवायचं आणि मग तिला दवाखान्यात जायचं होतं. ते आधीच ठरलं होतं, आणि आता ते मोडायला त्याला कारण सुचेना.

पोटुशी पोर आजोळी पाठवायची, तिथल्या पाद्र्याकडून गुपचूप बाप्तिस्मा उरकायचा, हे तेव्हा घराघरांत चालायचं. फिल्मवर बाळं एकामागून एक येत होती, आठ आठ एका पानावर. नॉर्मन मूठ सावकाश फिरवत होता. लवकर सापडू नये, असं त्याला वाटत होतं, आणि एखादं पान सुटलं की काय म्हणून तो मध्येच मूठ उलटी फिरवून बघत होता. सापडलं नाही तर तो जावई तसाच राहील, दोन्ही बाजूंना जागा ठेवून. तेवढ्यावर जगता येईल. माणसं त्याहून कमी आधारावर जगतात. मनातल्या मनात तो हॅनाशी बोलत होता. बाई, कुणाचाही असू दे. कारखान्याच्या मालकाच्या पोराचा असू दे, फेरीवाल्याचा असू दे, ज्याचं नावही तुला ठाऊक नाही अशा कुणाचा असू दे. तुझी अब्रू गेली तरी चालेल. तुझी गेलेलीच आहे, आमची राहू दे. असं बोलल्याची त्याला लाज वाटली, पण त्याने शब्द मागे घेतले नाहीत.

पानाच्या मध्यावर ती नोंद होती. आईबापांच्या रकान्यात, हॅना शेरॅट, अविवाहित, भाजलेली भांडी घासणारी. बापाची जागा कोरी. कोरी जागा बघून त्याने श्वास सोडला. आणि मग त्याने डावीकडे, मुलाच्या नावाच्या रकान्यात पाहिलं. तिथे एकच शब्द असायला हवा होता. दोन होते. इनॉक टॅम्स.

नॉर्मनला कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. हीसुद्धा तो नव्या सभासदांना सांगायचा त्यांतलीच एक गोष्ट होती. लग्नाशिवाय झालेल्या पोराला बापाचं आडनाव लावता येत नसे. मग आई ते पोराच्या नावातच घुसवायची, मधलं नाव म्हणून. त्याला पाद्री नाही म्हणू शकत नसे, नाव काय, कुणी काहीही ठेवावं. मोठ्या रुबाबदार नावांसारखं दिसायचं, इनॉक टॅम्स शेरॅट, पण डोंगरातल्या त्या चर्चमध्ये सगळ्यांना त्याचा अर्थ कळत होता. बावीस वर्षांची ती मुलगी, भांडी घासून हात सोललेले, दगडी चर्चमध्ये पोर घेऊन उभी राहिली असेल आणि पाद्र्याने नाव विचारल्यावर तिने मुद्दाम मोठ्याने सांगितलं असेल. तिला ते लपवायचं नव्हतं. तिला ते सांगायचं होतं. पुढेमागे कुणी विचारलं तर उत्तर असावं म्हणून तिने ते लिहून ठेवलं होतं. नॉर्मनला तिचा राग आला आणि दुसऱ्याच क्षणी तो तिच्यासमोर इतका लहान झाला की त्याला पडद्याकडे बघवेना.

"सापडला?" शाझिया मागे येऊन वाकली. "अरे वा, बापाचं नावसुद्धा. नशीबवान आहात, काका. लोकांचा जन्म जातो आणि त्या जागी काही मिळत नाही." ती मनापासून खूश झाली होती. तेवढ्यात दार ढकलून जिल आत आली, वाऱ्याने गाल लाल झालेले, अंगात जीनचा जुना कोट, आता तो तिला पुढे जरा घट्ट होऊ लागला होता. "किती वेळ गाडीत बसले मी. म्हटलं, पूर्वजांनी ठेवूनच घेतलं की काय." तिने बापाच्या खांद्यावर हात ठेवून पडद्याकडे पाहिलं. "हा आपला?" "तुझा खापरपणजोबा," शाझियाने सांगून टाकलं. जिलने डोळे बारीक करून वाचलं, एकदा मनाशी, एकदा मोठ्याने. "इनॉक टॅम्स. इनॉक नको बाई, पण टॅम्स काय छान आहे. मुलगा झाला तर मधलं नाव हेच ठेवू. बाबा, चालेल ना? तुमच्याकडचं काहीतरी त्याच्याकडे असू दे."

नॉर्मनने यंत्राचा दिवा बंद केला. पडदा पांढरा झाला. तिच्या पिशवीतून त्या दवाखान्याच्या कागदाचं टोक बाहेर आलेलं त्याला दिसत होतं. अजूनही तो हसून हो म्हणू शकत होता. त्याच्या तोंडात ते हो तयारही होतं, तसंच, बूट घालून. त्याने ते गिळलं आणि घसा खाकरला. घसा खाकरायला बराच वेळ लागला.

"जिल, तू फोनवर विचारलं होतंस," तो म्हणाला. "आपल्याकडे काही आहे का म्हणून."

"हो. काही नाही म्हणालात ना."

"आहे."

शाझिया आपल्या टेबलाकडे निघून गेली. जिलने त्याच्या खांद्यावरचा हात काढला नाही. मग शेजारची खुर्ची ओढली, बसली, आणि त्याच्याकडे न बघता तिने विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"तू विचारलंस त्याच्या आधी," नॉर्मन म्हणाला.